‘गाळ’ पुन्हा म्हण

प्रिय बाय,

ग्रामसभेसाठी लिहिलेलं तुझं भाषण दोनदा वाचलं. त्यात ‘विकास’ अकरा वेळा आलाय आणि ‘गाळ’ एकदाच. जेटी तर गाळानेच बंद पडत चाललीय! हे आधी उलटं कर.

शिमग्यातलं आपलं गाऱ्हाणं आठव. “चाकरमानी गावाक इले हत, तेंका सुखरूप ठेव रे म्हाराजा,” म्हटलं की सगळे एका आवाजात “व्हय म्हाराजा!” मग आजाऱ्यासाठी, शेताभातासाठी, होडीवर गेलेल्यांसाठी. होकार दर वेळी तोच. पण ज्याचा मुलगा दर्यावर असतो, त्याचा आवाज त्या एका होकाराला फाटतो. लहानपणापासून ऐकतोय, अजून कंटाळा नाही, कारण शब्द जागेवर राहतो आणि मागणं पुढे सरकतं. तुझ्या ‘विकासा’त काहीच सरकत नाही. पहिल्यांदा कळलं तेच अकराव्यांदा. पुनरुक्तीला दोष म्हणतात तो हाच.

जोतीरावांचं १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधलं ‘विद्येविना मती गेली’ तुला पाठ आहेच. आता ते मोठ्याने म्हण आणि क्रियापदांकडे कान दे. मती गेली, नीती गेली, गती गेली, वित्त गेले. माणसांपाशी आल्यावर मात्र ‘गेले’ नाही, ‘खचले’! चार वेळा कानाला सवय लावलीय, म्हणून पाचवा शब्द काळजात बसतो. पुन्हा पुन्हा म्हणायचं ते कुठे मोडायचं, हे आधी ठरलेलं हवं.

तुझंही तसंच लिही. ओहोटीला होडी अडते, गाळामुळे. पेटीतला बर्फ वितळतो, गाळामुळे. लिलाव हुकतो, गाळामुळे. चौथ्या वाक्यात ‘गाळ’ नको. तिथे सरळ सांग: “भरती येईपर्यंत खाडीच्या तोंडाशी बसून बसून बाबांचे पाय आखडतात.” आपली भाषा मुळातच शब्द दुप्पट करून बोलते, दारोदार, पाणीच पाणी. त्या ‘बसून बसून’मध्ये ओहोटी ते भरतीचे सहा तास आलेत, ते आकड्याने वेगळे सांगू नकोस.

‘गाळामुळे’ म्हणताना आवाज चढवू नको, दर वेळी थोडा खाली आण. आणि सभेआधी एकदा काकी मासळी निवडत असेल तेव्हा तिच्यासमोर वाच. ती ज्या शब्दाला मान वर करेल, तिथे सभेत क्षणभर थांब.

तुझा,
काका