एकट्या आलेल्या मुलांसोबत पहिले दिवस

पुढच्या आठवड्यापासून तू बालगृहात येणार, फार बरं वाटलं. सोलापूर स्टेशनवर एकट्या सापडलेल्या परगावच्या मुलांसोबत बसायचंय, तर सुरुवातीला एवढंच सांभाळ.

पहिल्या भेटीत "घर का सोडलंस?" विचारू नकोस. ही चूक मीही केली होती. तोवर ते मूल चार जणांना तीच कहाणी सांगून थकलेलं असतं. आधी पाणी, जेवण, झोपायची जागा. पुढे काय होणार, ते साध्या शब्दांत सांग. तेही त्याच्याच भाषेत. आपल्याकडे तेलुगू, कन्नड बोलणारं माणूस गल्लोगल्ली मिळतं, मोडक्यातोडक्या हिंदीवर भागवू नकोस.

- "उद्या घरी पाठवतो" असं वचन देऊ नकोस. निर्णय बालकल्याण समितीचा असतो. सापडलेलं मूल २४ तासांत तिच्यापुढे न्यावं लागतं.
- गप्प किंवा चिडकं मूल उद्धट नसतं, बहुतेकदा घाबरलेलं असतं. दचकून उठणं, अंथरूण ओलं होणं यावरून कधीच रागवू नकोस.
- फोटो काढायचा नाही.

जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं, तर ते गुपित ठेवायचं नाही. त्याला एकटं न सोडता लगेच अधीक्षकांना सांग.

समुपदेशनाचं तंत्र नंतर शिकू. मंगळवारी येते म्हणालीस, तर मंगळवारीच ये. मूल दाराकडे बघत बसलेलं असतं.