जुन्या पिकअपला चिप बसवली तर घाटात ताकद वाढते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१८ ची बीएस-४ बोलेरो पिकअप, कॉमनरेल इंजिन, सव्वादोन लाख किलोमीटर झालेली. हंगामात आंब्याच्या पेट्या, एरवी मासळी, रत्नागिरीहून कोल्हापूरला. आंबा घाटात सरळ चढालाही गाडी दुसऱ्या गेअरवर, ताशी वीस-पंचवीसने चढते. दुकानदार म्हणतो, बारा हजारांची चिप लावा, तीस टक्के ताकद वाढेल, ॲव्हरेजही वाढेल. सोबत सायलेन्सर मोकळा करून घ्या. घ्यावं का?

मी कोल्हापुरात गेली बावीस वर्षं डिझेल पंप आणि नोझलचं काम करतो, म्हणून लिहितो. माझ्या स्वतःच्या पिकअपला मी अशी चिपची पेटी लावली होती. तिची गोष्ट पुढे येईल. आधी हिशेब करू, कारण तुमच्या प्रश्नातच उत्तर पडलेलं आहे.

गाडी आणि माल मिळून तीन टन धरा. चढ सहा टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की सहा मीटर वर. तीन टनाला वर ओढायचं आणि टायरचं घर्षण भागवायचं, तर चाकांवर साधारण २२०० न्यूटनचा जोर लागतो. ताशी ४० ने जायचं असेल तर त्याची पॉवर होते साडेचोवीस किलोवॅट, म्हणजे तेहेतीस हॉर्सपॉवर. हवेला आणि गेअरबॉक्सला थोडी सोडा, चाळीस म्हणा. तुमचं २५२३ सीसीचं इंजिन कंपनीतून साठाच्या वर हॉर्सपॉवर घेऊन आलंय. म्हणजे हिशेबाने ही गाडी सरळ चढाला आरामात ४० ने जायला पाहिजे. ती पंचवीसने जाते, याचा अर्थ चाकांवर वीस-बावीसच पोचतात. वळणावर दुसरा गेअर लागणारच, त्याचं काही नाही. पण सरळ पट्ट्यावरसुद्धा हीच रड असेल तर तुमच्या गाडीत पॉवर कमी नाही, ती कुठेतरी हरवलीय. आणि हरवलेली पॉवर चिप शोधून देत नाही.

(तीन टन मी धरले. तुम्ही खरे किती भरता ते लिहिलं नाहीत. आंब्याच्या हंगामात काय भरतात ते मलाही माहीत आहे. चार टन असतील तरी पंचवीसच्या वेगाला चाकांवर तीस हॉर्सपॉवरच्या आतच लागतात, म्हणजे रोग आहेच.)

आता चिप म्हणजे काय ते. या नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली शुद्ध बनवाबनवी. स्कॅनरच्या सॉकेटमध्ये खोचायची डबी, आत दोन एलईडी लुकलुकतात, बाकी काही नाही. याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे हवेच्या तापमानाच्या सेन्सरला जोडलेला काही रुपयांचा रेझिस्टर. तो ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, सांगतो की बाहेर थंडी आहे, हवा दाट आहे, डिझेल वाढव. मे महिन्यात साखरप्याला दुपारी बारा वाजता गाडीला महाबळेश्वर दाखवायचं, असला हा प्रकार.

दुसरी म्हणजे खरी ट्यूनिंग बॉक्स. बारा हजारांत तुम्हाला बहुतेक हीच देतील. कॉमनरेलमध्ये पंप डिझेल एका जाड नळीत दाबून ठेवतो आणि इंजेक्टर त्यातून ठरल्या वेळेपुरते उघडतात. नळीतला दाब किती हे एक सेन्सर व्होल्टमध्ये कळवतो, साधारण अर्ध्यापासून साडेचार व्होल्टपर्यंत. बॉक्स या सेन्सरच्या वायरीत मध्ये बसते आणि खोटं बोलते. खरा दाब १००० बार असला तर ८८० सांगते. ईसीएमला वाटतं दाब कमी पडतोय, तो पंपाला आणखी दाबायला लावतो. इंजेक्टर तेवढाच वेळ उघडतो, पण डिझेल जास्त जातं. ताकद खरंच वाढते, हे मी नाकारत नाही. टर्बो डिझेलला डिझेल वाढवलं की ओढ वाढते. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या काळात आमच्याकडे लोक "पंप जरा वाढवून द्या" म्हणायचे, आम्ही स्क्रू फिरवायचो, गाडी काळा धूर सोडत सुसाट जायची. हे त्याचंच वायरीवालं रूप.

तिसरी, ईसीएममधला नकाशाच बदलणं, म्हणजे रीमॅप. जाणत्या माणसाने केलं तर हे बॉक्सपेक्षा कितीतरी शहाणपणाचं असतं, कारण डिझेल, हवा, टायमिंग सगळं एकमेकांना धरून बदलता येतं. पण तुमच्या गाडीचा नकाशा समोर ठेवून बसणारा माणूस क्वचित मिळतो. बाकीचे कुठूनतरी आणलेली फाइल ओततात आणि पुढचं गिऱ्हाईक बघतात.

खरी गंमत मात्र उष्णतेत आहे, आणि ही बाजू विकणारा कधीच सांगत नाही. चिपची ट्रायल कशी देतात आठवा. गाडी रिकामी, हायवे, थर्डमध्ये दाबली, "बघा कसा पिकअप आला!" (पिकअपचा पिकअप, आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द.) ती फुल पॉवर लागते दहा सेकंद. मोटारवाल्याला आयुष्यभर तेवढीच लागते, ओव्हरटेकपुरती. तुमचं इंजिन घाटात वीस-वीस मिनिटं पाय दाबून चालतं. जादा डिझेल जाळायला तेवढी हवा टर्बोने दिली नाही तर ते काळ्या धुरात जातं आणि एक्झॉस्ट तापत जातो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. दाबून चालवलेल्या डिझेलचा एक्झॉस्ट ७०० च्या वर सहज जातो. तरी ॲल्युमिनियमचा पिस्टन टिकतो, कारण आतला भडका क्षणाचा असतो आणि पिस्टनची उष्णता ऑइल आणि पाणी काढून नेतं. कंपनीने ठेवलेली ढील याच वीस मिनिटांसाठी असते. बॉक्स नेमकी तीच खाते. आणि आपल्या पिकअपला पाण्याचा काटा असतो, एक्झॉस्टचा नसतो. काटा वर सरकतो तोवर उशीर झालेला असतो.

माझं असंच झालं. २०१६ ला पेटी लावली, तीन महिने मी सगळ्यांना सांगत फिरत होतो. चौथ्या महिन्यात क्लच प्लेट गेली. क्लच तेवढ्याच ओढीसाठी बनवलेला, तो आधी घसरणार हे मला कळायला हवं होतं, धंदाच तो माझा. नवी प्लेट टाकली, पेटी काढली नाही. मग मे महिन्यात गगनबावडा चढताना पूर्ण लोडवर पाणी उकळलं. हेड गॅस्केट गेलं, हेड वाकलं, दोन दिवस गाडी घाटाखाली, माल दुसऱ्याच्या गाडीत आणि त्याचं भाडं माझ्या खिशातून. अडतीस हजार. पेटीने ॲव्हरेज दिलं का? रिकाम्या गाडीला फरक दिसला नाही, भरल्या गाडीला घटलं.

समजा तुमच्याबाबतीत काहीही बिघडलं नाही आणि दुकानदाराने तीस म्हटलेत त्यातले वीस टक्के खरंच मिळाले. निरोगी गाडी ४० ने चढत होती ती ४८ ने चढेल. दहा किलोमीटरचा चढ पंधराऐवजी साडेबारा मिनिटांत, तोही वळणं नसतील तर. अडीच मिनिटांसाठी बारा हजार.

यूट्यूबवर अमेरिकेतल्या पिकअप बघून प्रश्न पडला असेल तर एक लक्षात घ्या. तिथल्या मोठ्या डिझेल पिकअपमध्ये ६.७ लिटरपर्यंतची इंजिनं असतात, तुमच्या अडीचपट. आणि तिथेही सगळं आलबेल नाही. चिप लावायची आणि धुराची यंत्रणा काढून टाकायची हे इतकं वाढलं की २०२० मध्ये त्यांच्या पर्यावरण खात्याने अशा साडेपाच लाखांहून जास्त पिकअप असल्याचा अंदाज मांडला.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठासून सांगितलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं: अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय बीएस-४ डिझेलला पीयूसीत धुराची मर्यादा ५० हार्ट्रिज युनिट (धुराचा काळेपणा मोजायचं माप) आहे, पेटी लावलेली धुरकट गाडी तिथे अडकते. आणि अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरला वायरीत लोंबणारी पेटी दिसली तर काय होईल ते तुम्हीच ओळखा. सायलेन्सर मोकळा करून आवाज वाढेल, ओढ नाही. बीएस-६ गाडी असती तर मी याहून मोठ्याने नको म्हटलं असतं. जादा काजळीने डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबतो आणि त्याची किंमत ऐकून माणूस खाली बसतो.

मग हरवलेली पॉवर शोधायची कुठे? तुम्ही जाता जाता लिहिलंय की गेल्या वर्षी एक साइज मोठे टायर टाकले. तिथूनच सुरू करा. टायरचा व्यास सहा टक्के वाढला की चाकाची ओढ सहा टक्के घटते, जणू कुणी तुमचे गेअर वर सरकवलेत. पुढचे टायर मूळ साइजचे घ्या. मग एअर फिल्टर उघडून उजेडात धरा, डिझेल फिल्टर कधी बदललाय ते आठवा. टर्बोकडून इंजिनकडे जाणारा होज हाताने चाचपा: चीर असेल तर तिथे तेलकट ओल असते आणि दाबल्यावर फुस्स आवाज येतो. माझ्याकडे "पॉवर नाही" म्हणून येणाऱ्या गाड्यांत हा होज बऱ्याचदा निघतो. क्लच तपासायला थर्डमध्ये हळू चालवून एकदम दाबा, इंजिन ओरडलं आणि गाडी मागे राहिली तर प्लेट घसरतेय. घाट चढून वर आंब्याला थांबलात की चारही चाकांच्या हबजवळ हात न्या, लावू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक धरून बसलाय, आणि तुम्ही वर्षभर ब्रेक दाबून घाट चढताय. ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) काजळीने अर्धा उघडा अडकलाय का, तेही बघून घ्या.

सव्वादोन लाखांनंतर सगळ्यात जास्त संशय मला इंजेक्टरवर आहे. स्कॅनर लावून रेलचा दाब लोडवर बघायचा आणि रिटर्न टेस्ट करायची: चारही इंजेक्टरच्या रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळीला, बाटल्या लावून इंजिन चालू ठेवायचं. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट वेगाने भरली की चोर सापडला. अशा इंजेक्टरवर चिप लावली तर गळक्या बादलीत जोराने पाणी ओतल्यासारखं होईल.

टायरचा नंबर, नेहमीचा माल किती टन आणि रिटर्न टेस्टचे चारही आकडे इथेच खाली टाका. आकडे सारखे आले तर टर्बो उघडायला सांगेन, त्याआधी नको.