वस्तीतली भांडणं पोलीस स्टेशनला न जाता मिटतात का?

तुम्ही विचारलंय की शहरात प्रत्येक भांडणासाठी पोलीस स्टेशनच गाठावं लागतं का, की वस्तीतल्या लोकांनी आपसात मिटवायची काही सोय करता येते. करता येते. मुंबईत पूर्व उपनगरात आमची वस्ती आहे, तिथल्या पोलीस पंचायतीत माझी आई सहा वर्षं होती, त्यामुळे मी हे घरातूनच बघितलंय. पण कुठलं भांडण पंचायतीत घ्यायचं आणि कुठलं अजिबात घ्यायचं नाही हे आधी ठरवा, आम्ही ते उशिरा ठरवलं.

ही पोलीस पंचायत २००३ च्या सुमारास पुण्यात सुरू झाली, ए. एन. रॉय तिकडे पोलीस आयुक्त असताना, आणि मग ते मुंबईला आले तेव्हा इकडच्या झोपडपट्ट्यांतही आली. मागे जॉकिन अर्पुथम यांची झोपडपट्टीवासीयांची फेडरेशन आणि महिला मिलन या वस्तीतल्या बायकांच्या संघटनेच्या बायका होत्या. वस्तीतले दहा लोक, त्यात सात बायका आणि तीन पुरुष, शिवाय पोलीस स्टेशनचा एक माणूस. सात बायका हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण नळावर, संडासच्या रांगेत, रेशनच्या दुकानात त्याच असतात, कुणाचं कशावरून बिनसलंय ते त्यांना भांडण व्हायच्या आधीच माहीत असतं.

नाहीतर काय होतं, तुम्ही शेजाऱ्याने शिवीगाळ केली म्हणून स्टेशनला जाता, ते एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद लिहून घेतात, कागद हातात देतात आणि घरी पाठवतात, कारण अदखलपात्र गुन्ह्याचा तपास त्यांना कोर्टाच्या परवानगीशिवाय करताच येत नाही. आता शेजाऱ्याला कळलेलं असतं की तुम्ही कम्प्लेंट केली, आणि मूळ भांडण तर तसंच आहे. पुढे चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखायची हमी घेण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई, झाली तर तारखांना दोघांचीही रोजी बुडते.

एक उदाहरण सांगते. समोरासमोरची दोन घरं, एकाने पत्रा वाढवला आणि पावसाचं पाणी थेट दुसऱ्याच्या उंबऱ्यात पडायला लागलं. दोन पावसाळे भांडण, एकदा तर विटा काढल्या. पंचायतीसमोर दोघं जुनं सगळं उकरायला लागले तशी आई म्हणाली, "कोण काय बोललं ते राहू दे, पाणी कुठं पडतं ते दाखवा." भर पावसात चार बायका छत्र्या घेऊन गल्लीत उभ्या, आणि तिथंच ठरलं की पत्रा वीतभर कापायचा, खाली पीव्हीसीचा पाइप अर्धा चिरून पन्हळ लावायची, खर्च अर्धा-अर्धा. रजिस्टरमध्ये लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. पन्हळ अजून आहे.

आता दुसरी बाजू. एक बाई नवरा मारतो म्हणून आली. पंचायतीने नवऱ्याला बोलावलं, दम दिला, त्याने माफी मागितली, तिला सांगितलं लेकरांकडे बघ आणि घरी जा. महिन्याभराने परत तेच, परत समजूत घालून पाठवली. तिसऱ्या वेळी ती आलीच नाही, हात मोडून हॉस्पिटलमध्ये होती. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे दोनदा 'समझोता' लिहिलेलं होतं, आईच्या अक्षरात. आई कितीतरी दिवस नीट जेवली नाही. त्यानंतर आमच्याकडे नियम झाला की हात उचलला असेल तर पंचायत समझोता करणार नाही, बाईबरोबर दोघी जणी जाणार, पोलिसांकडे आणि महिला व मुलांच्या विशेष कक्षात. हा कक्ष टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केला, तिथे शिकलेल्या सोशल वर्कर बसतात आणि त्या बाईला आधी काय हवंय ते विचारतात. आणि लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारात तर मिटवामिटवीचा विषयच नाही, पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, लपवलं तर तोच गुन्हा.

कुणी म्हणेल मग आपली जात पंचायत काय वाईट होती. खूप वाईट होती आणि आहे, वाळीत टाकणं, दंड, बाईला बोलूच न देणं. त्यासाठी महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, २०१७ पासून तो लागू आहे. लोकांनी बसून निवाडा केला म्हणजे न्याय झाला असं मी कधीच म्हणणार नाही. आमच्या पंचायतीला दंड करायचा अधिकार नव्हता, कुणाला पटलं नाही तर तो सरळ उठून स्टेशनला जाऊ शकत होता, आणि हे असंच पाहिजे.

मोठ्या प्रमाणावर बघायचं तर भिवंडी बघा. १९७० आणि १९८४ ला तिथे भयंकर दंगली झाल्या. १९८८ नंतर सुरेश खोपडे तिथे डीसीपी असताना त्यांनी गल्लोगल्ली मोहल्ला कमिट्या केल्या, हिंदू-मुसलमान एकत्र बसवून, आणि १९९२-९३ ला मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. मग मुंबईतही १९९४ पासून माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे वगैरेंनी मोहल्ला कमिटीचं काम उभं केलं.

हे सगळं साहेबांवर फार अवलंबून असतं, ही खरी अडचण. चांगला अधिकारी बदलून गेला की नव्या साहेबाला पंचायत म्हणजे कटकट वाटते. आमच्याकडे दोनदा बंद पडून परत सुरू झाली, दोन्ही वेळेला बायकाच रजिस्टर घेऊन स्टेशनला गेल्या.

तुमच्याकडे करायचं असेल तर नळावर जिचं ऐकतात अशा पाच-सहा बायका आधी शोधा, कार्यकर्ते आणि भाऊ लोक नंतर आपोआप येतात, त्यांना खुर्ची देऊ नका. आठवड्याचा एक वार ठरवा, संध्याकाळी सातनंतर, म्हणजे कामावरून आलेला माणूस येऊ शकेल. आणि रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहा, मारहाण इथे मिटवली जाणार नाही.