मुंबईत रोज ऑफिसला बाईकने जायचं तर हेल्मेट पुरे, की जॅकेट-ग्लोव्ह्जही घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की रोज ठाण्याहून पवईला बाईकने जाता, ट्रॅफिकमध्ये स्पीड चाळीसच्या वर जातच नाही, हेल्मेट आहे, मग जॅकेट, ग्लोव्ह्ज आणि नी-गार्डवर पंधरा हजार घालणं म्हणजे नुसती शायनिंग नाही का. शायनिंग हा शब्द वाचला आणि आमचे मोठे साडू डोळ्यांसमोर उभे राहिले. त्यांनीही नेमका हाच शब्द वापरला होता. त्यामुळे उत्तर थोडं लांबणार आहे.

आधी ते चाळीसचं बघू. बाईकवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. गाडी उभी आहे, सिग्नलला पाय टेकायला गेलात, खाली खड्डा निघाला आणि आडवे झालात, तरी डोकं रस्त्यावर आपटतं ते ताशी १९-२० किलोमीटरने. यात गाडीचा स्पीड शून्य धरलाय. आणि चाळीसला पडलात तर कोरड्या डांबरावर माणूस अंदाजे दहा मीटर घसरत जातो. बेस्टची बस डोळ्यांसमोर आणा, तिची लांबी जवळजवळ तेवढी. घसरताना खाली जे येईल ते घासलं जातं. पॅंट असेल तर पॅंट, नंतर तुम्ही.

माझं झालं ते तीस-पस्तीसला. २०२२ चा ऑक्टोबर, दिवाळीच्या आधीचा आठवडा. मी राहतो भांडुपला, ऑफिस तेव्हा अंधेरीच्या सीप्झला, म्हणजे तुमच्या वाटेतला बराचसा रस्ता माझाही. संध्याकाळी साडेसातला पवई ओलांडली, गांधीनगरला डावीकडे वळून एलबीएस रोडला लागलो आणि वाटेत पेट्रोल भरायला थांबलो. अंगात जॅकेट, हातात ग्लोव्ह्ज. पैसे द्यायला मोबाइल काढला. ग्लोव्ह्जच्या बोटाला टचस्क्रीनची पट्टी आहे म्हणे, पण घामेजलेल्या बोटाने पिन टाकताना ती कधीच चालत नाही. मागच्या स्कूटरवाल्याने हॉर्न मारला. मी ग्लोव्ह्ज काढले, स्कॅन केलं, ग्लोव्ह्ज पाठीवरच्या बॅगेत कोंबले आणि निघालो. घर दहा मिनिटांवर. परत कोण घालत बसणार!

पुढे रस्त्याच्या मध्यावर कामाचे पत्रे लागलेले, दोन लेनची एक झालेली. कुणीतरी खणलेल्या चरावर लोखंडी प्लेट टाकली होती आणि धूळ बसावी म्हणून टँकरने नुकतंच पाणी मारलेलं. पुढच्या रिक्षाने पॅसेंजर दिसताच डावीकडे मुंडी घातली. मी जरासा कललो आणि ब्रेक लावला, दोन्ही एकदम, आणि नेमके त्या ओल्या प्लेटवर. गाडीला एबीएस आहे. पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही एवढंच, ओल्या लोखंडावर कललेल्या टायरला पकड आणून देत नाही. गाडी खालून निघून गेली. प्लेट संपली तिथून पुढे कोरडं खडबडीत डांबर, त्यावर मी डाव्या अंगावर. डावा हात आपोआप पुढे गेला. पडताना हात पुढे टाकायचा नाही असं युट्यूबवर सांगणाऱ्यांना माझा नमस्कार. हात आपल्याला विचारून जात नाही.

मागची बस थांबली म्हणून आज हे लिहितोय. दोन पोरांनी उचललं, एकाने गाडी कडेला लावली, रिक्षा कधीच पसार. फुटपाथवर बसलो आणि हाताकडे पाहिलं. ते दृश्य अजून तसंच आठवतं. जॅकेटच्या डाव्या कोपराचं वरचं कापड घासून आतली जाळी दिसत होती, पण चेन उघडून बाही वर केली तर आत शर्टाची बाही कोरी. कफची गुंडीही जागेवर. आणि कफ संपतो तिथून, पट्टीने रेघ मारावी तसं, पुढचा तळहात खवणीवर धरल्यासारखा. अंगठ्याच्या उंचवट्यावरची सालं गेलेली, आत बारीक काळी खडी रुतलेली. वरती काही नाही, खाली हे.

गुडघाही फुटला, फॉर्मल पॅंटला तिथे खिडकी पडली. हेल्मेटच्या हनुवटीच्या भागावर दोन बोटं रुंद चरा. हाफ हेल्मेट असतं तर तो चरा कशावर पडला असता ते सांगायला नको.

दवाखान्यात सिस्टरने सलाइनचं पाणी ओतत ब्रशने तळहात घासला. खडी आत राहिली तर कातडी भरून आल्यावर गोंदल्यासारखे काळे डाग कायमचे राहतात, म्हणून सगळी काढावी लागते. मी चाळिशीतला बाप्या, बाहेर बाकावर बसलेल्या बायकोला ऐकू जाईल एवढा ओरडलो. धनुर्वाताचं इंजेक्शन, एक्स-रे. डॉक्टर म्हणाले, फ्रॅक्चर नाही, मुका मार आहे, क्रेप बँडेज बांधा.

तर ही बँडेज बांधलेली अवस्था घेऊन मी भाऊबीजेला सासुरवाडीला, डोंबिवलीला. साडू आधीच येऊन सोफ्यावर. ते १९९४ पासून स्कूटर चालवतात, आधी चेतक, आता गिअरलेस, आणि तीस वर्षांत अंगावर ओरखडा नाही हे त्यांचं पेटंट वाक्य. हेल्मेट ते कोपराला अडकवतात आणि नाका आला की डोक्यावर घेतात. म्हणजे एल्बो गार्ड त्यांच्याकडेही आहे! मला बघून म्हणाले, "काय हो रायडर, एवढं चिलखत घालून शेवटी हात गळ्यातच ना? मग पैसे कशाला घातले, शायनिंगला?" सगळे हसले. सासूबाईसुद्धा.

खरं तर तिथल्या तिथे गप्प करता आलं असतं. कोपर वाचलं ते जॅकेटमुळे, हात गेला तो ग्लोव्ह्ज नव्हते म्हणून. पण मग ग्लोव्ह्ज कुठे होते हे सांगावं लागलं असतं. ते होते बॅगेत. बायकोला माहीत होतं, बॅग तिनेच रिकामी केली होती. दोन्ही ग्लोव्ह्ज कोरे, स्वच्छ, एकात पेट्रोलची पावती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि करंज्यांचं ताट पुढे केलं. साडूंना हे आजतागायत माहीत नाही. त्यांच्या लेखी मी संपूर्ण गिअर घालून पडलो आणि तरी हात मोडला.

हो, मोडलाच होता. दोन आठवड्यांनी सूज उतरली पण बाटलीचं झाकण उघडेना, तेव्हा बायकोने ओढत ऑर्थोपेडिककडे नेलं. त्यांनी अंगठा ताणायला सांगितला. तसं केलं की मनगटापाशी अंगठ्याच्या मुळाशी एक छोटा खळगा होतो, तुम्हीही करून बघा. त्या खळग्यात त्यांनी बोट दाबलं आणि मी खुर्चीतून उठलो. परत एक्स-रे. स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड, त्याला तडा. हे हाड लबाड आहे. पहिल्या एक्स-रेत तडा बऱ्याचदा दिसतच नाही, दहा-पंधरा दिवसांनी दिसतो, आणि रक्तपुरवठा उलट्या टोकाकडून येत असल्याने जुळायला वेळ खातं. अंगठ्यासकट प्लास्टर, दहा आठवडे. डावा हात म्हणजे क्लचचा हात. एप्रिलपर्यंत मी भांडुप स्टेशन, घाटकोपर, मेट्रो असा प्रवास केला. तळहातावर पडलात आणि त्या खळग्यात दुखत असेल, तर "मुका मार" ऐकून घरी जाऊ नका, एवढं तरी माझ्या खर्चातून फुकट घ्या.

आता तुमचा प्रश्न. हेल्मेट फुल-फेस, म्हणजे हनुवटीही झाकणारं, आणि आयएस ४१५१ या भारतीय मानकाचा मार्क असलेलं, पट्टा लावून. फुटपाथवरची साडेतीनशेची टोपली ही चलान वाचवायची वस्तू आहे, डोकं वाचवायची नाही, आणि पट्टा लावलेला नसेल तर तुमचं पाच हजारांचं हेल्मेटही टोपलीच. एकदा जोरात आपटलं की बदला. आतलं थर्मोकोल एकदाच दबतं, वरून चकचकीत दिसलं तरी त्याचं काम संपलेलं असतं. मी बदललं.

त्यानंतर लगेच ग्लोव्ह्ज. जॅकेटच्या आधी. लोक उलटं करतात, मीही जॅकेट आधी घेतलं होतं कारण ते फोटोत दिसतं. तळहाताच्या टाचेवर प्लॅस्टिकचा गुळगुळीत तुकडा, म्हणजे पाम स्लायडर, असलेलेच घ्या. त्याने हात रस्त्याला चिकटून न राहता सरकतो. बोटं उघडी असलेले ग्लोव्ह्ज जिममध्ये वापरा.

जॅकेट मेशचं, म्हणजे हवा खेळणाऱ्या जाळीच्या कापडाचं. त्यातल्या पॅडवर बारीक अक्षरात ईएन १६२१-१ हे युरोपियन मानक आणि पुढे लेव्हल १ किंवा २ लिहिलेलं असतं. २ घ्या. टेस्टमध्ये आत पोचणारा सरासरी धक्का लेव्हल १ ला ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतो, लेव्हल २ ला २० पर्यंतच. पाठीच्या खिशात हात घालून बघा, बऱ्याच जॅकेटांत तिथे नुसता स्पंज असतो, तो पाठीचा प्रोटेक्टर नाही. पंधरा हजार एकदम नसतील तर नी-गार्ड पुढच्या पगारात.

"कायद्यात फक्त हेल्मेट आहे" हाही साडूंचाच मुद्दा. बरोबर आहे. मोटार वाहन कायद्यात हेल्मेट नसेल तर हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित, ग्लोव्ह्जबद्दल कुणी विचारत नाही. पण २०२२ च्या जूनमध्ये मुंबईत मागे बसणाऱ्यालाही हेल्मेटसाठी पोलिस पकडायला लागले, तेव्हा हेच साडू म्हणाले की बायकांच्या केसांचं काय. त्याच २०२२ सालच्या केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ मृत आहेत आणि त्यातले १४,३३७ मागे बसलेले. मेव्हणी अजूनही त्यांच्या मागे बिनहेल्मेट बसते. बायकोने दोनदा सांगून पाहिलं, आता ती बोलत नाही. मी तर कोण, चिलखतवाला.

ग्लोव्ह्ज असते तर स्कॅफॉइड नक्की वाचलं असतं का? छातीवर हात ठेवून नाही सांगता येणार. कातडी वाचली असती, ते ब्रशने घासणं वाचलं असतं. हाडाचं डॉक्टरांना विचारलं तर ते नुसते हसले. पॅड धक्का कमी करतं, पिळवटून मोडणारं हाड थांबवत नाही, आणि डंपरखाली गेलात तर कुठलीही लेव्हल उपयोगाची नाही. उकाड्याबद्दलही खोटं बोलत नाही. ऑक्टोबरात कांजूरच्या सिग्नलला मेश जॅकेटमध्येही घामाच्या धारा लागतात, ऑफिसात वेगळा शर्ट ठेवावा लागतो. पावसात आतल्या वॉटरप्रूफ लायनरच्या नादी लागू नका, भिजलेलं जॅकेट दोन दिवस वाळत नाही. वरून साधा रेनकोट चढवा.

नवं जॅकेट घेतलं, पण जुनं टाकलेलं नाही. एकदा साडू घरी आले होते तेव्हा ती घासलेली बाही त्यांना दाखवली. बोटाने जाळी चाचपली आणि म्हणाले, "कापड हलकं होतं हो, फाटलं बघा." तेव्हापासून ते जॅकेट हॉलच्या दारामागे खुंटीवर लटकतंय. बायको म्हणते भंगारात द्या. साडू येणार असले की मी फक्त डावी बाही बाहेरच्या बाजूला करून ठेवतो.