सगळ्यांच्या उपचाराचा खर्च गोवा सरकारला झेपेल का?

प्रश्न: गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड आहे आमच्याकडे, पण आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या दर महिन्याला फार्मसीतून विकतच घ्याव्या लागतात, तिथे कार्ड चालत नाही. बाहेरच्या देशांत म्हणे एकेका राज्याने सगळ्यांचा खर्च उचललाय. आपल्याला का नाही जमत? टॅक्स वाढेल का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: ताई, कायद्याची अडचण नाही, सार्वजनिक आरोग्य आणि इस्पितळं हा राज्यसूचीतलाच, म्हणजे घटनेने राज्यांकडे दिलेला विषय आहे. दीनदयाळ योजना 2016 ला आली, पाच वर्षं गोव्यात राहिलेल्या कुटुंबाला, तिघांपर्यंत अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसं असली तर चार लाख, पण हे सगळं ॲडमिट झाल्यावर आणि यादीतल्या उपचारांनाच. रोजच्या गोळ्या राहिल्याच.

कॅनडात सुरुवात एका प्रांतानेच केली. सस्कॅचेवानने 1947 ला इस्पितळाचा खर्च उचलला आणि डॉक्टरांची फी 1962 मध्ये, म्हणजे मध्ये 15 वर्षं गेली, तरी डॉक्टरांनी 23 दिवस संप केला! पण योजना टिकली आणि पुढे देशभर गेली. उलट अमेरिकेतल्या व्हरमाँटने 2011 ला कायदा आधी केला आणि पैसे कुठून आणायचे ते नंतर बघू म्हणाले. 2014 च्या डिसेंबरात हिशेब आला, कंपन्यांवर पगाराच्या 11.5 टक्के आणि लोकांच्या उत्पन्नावर 9.5 टक्क्यांपर्यंत टॅक्स, गव्हर्नर पीटर शमलिन यांनी योजनाच सोडून दिली. खरं तर लोक खाजगी विम्याचे हप्ते तेव्हाही भरतच होते, पण तेच पैसे टॅक्स म्हणून समोर आले की सगळे घाबरतात.

आपल्याकडे निम्मं काम झालेलंय असं मला मनापासून वाटतं, बांबोळीचं जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ), म्हापसा-मडगावची जिल्हा इस्पितळं, गावोगावची हेल्थ सेंटरं सरकारचीच, डॉक्टर पगारावर. म्हणून कार्डाची रक्कम वाढवण्याआधी हेल्थ सेंटरात बीपी-शुगरच्या गोळ्या बारा महिने मिळायलाच हव्यात, आणि टॅक्स लागणार असेल तर तो आधीच उघड सांगावा.

आणखी एक, हद्दीपलीकडची, महाराष्ट्रातल्या दोडामार्ग-सावंतवाडीची माणसं बांबोळीलाच येतात, 2018 पासून बाहेरच्यांना तिथे फी लागली. राज्याची योजना म्हटली की हद्द येणारच, पण त्यांचं बिल महाराष्ट्राच्या योजनेतून मिळेल अशी पक्की सोय दोन्ही सरकारांनी करावी, पेशंटला काउंटरवर अडवू नये.