'द थिंग'चा प्रीक्वल मूळ सिनेमाच्या तोडीचा आहे का? आधी कोणता पाहावा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. 1982 च्या 'द थिंग'च्या आधीची गोष्ट सांगणारा, त्याच नावाचा 2011 चा सिनेमा मूळच्या तोडीचा आहे का, आणि दोन्ही पाहिले नसतील तर सुरुवात कुठून करावी. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. 1982 चाच आधी पाहा. घटनांच्या क्रमानं 2011 चा आधी येतो म्हणून तिथून सुरुवात करू नका. असं का, हे सांगताना काही गोष्टी उघड होतील, पण मूळ सिनेमाचा शेवट मी सांगणार नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात राळेगावकडे शेती करतो. मूळ सिनेमा कॉलेजात असताना अमरावतीला होस्टेलवर पाहिला होता आणि तो डोक्यातून कधी गेला नाही. प्रीक्वलही नंतर पाहिला, पण तो फारसा आठवत नव्हता. मागच्या जानेवारीत हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं आणि त्या आठवड्यात लाईन रात्रीची होती. वावरातल्या झोपडीत गोधडी पांघरून मोबाइलवर एकाच रात्री दोन्ही पाहिले. एक 109 मिनिटांचा, दुसरा 103 चा. मध्ये उठून स्प्रिंकलरचे पाइप बदलले. हात बधिर झाले होते, बॅटरीच्या उजेडात तोंडाची वाफ दिसत होती. अंटार्क्टिकाच्या सिनेमाला याहून चांगली जागा मला मिळाली नसती.

1982 च्या सिनेमाची, म्हणजे दिग्दर्शक जॉन कार्पेंटरच्या सिनेमाची सुरुवात आठवून पाहा. पांढऱ्याशुभ्र बर्फातून एक कुत्रा पळतोय आणि हेलिकॉप्टरमधल्या दोन नॉर्वेजियनांपैकी एक जण त्याच्यावर गोळ्या झाडतोय. आपला जीव कुत्र्यासाठी तुटतो. अमेरिकन तळावर उतरल्यावर बंदूकवाला ओरडून सांगतो की दूर व्हा, तो कुत्रा नाही. सांगतो मात्र नॉर्वेजियनमध्ये, ते तिथं कुणालाच कळत नाही, आणि त्यालाच गोळी लागते. पुढे तो कुत्रा तळाच्या बोळातून एकटा चालत जातो. आवाज नाही, भुंकणं नाही. एका उघड्या दाराशी थांबतो, भिंतीवर पडलेल्या माणसाच्या सावलीकडे बघतो आणि आत जातो. बस्स, एवढंच. सिनेमाच्या सुरुवातीपासून कानात असतं ते संगीतकार एन्निओ मोरिकोनेचं छातीच्या ठोक्यासारखं संगीत. प्रीक्वल आधी पाहिला असेल, तर हा कुत्रा म्हणजे माणसांची, जनावरांची हुबेहूब नक्कल करणारा परग्रहावरचा जीव आहे हे तुम्हाला पहिल्याच मिनिटाला माहीत असतं आणि सगळा प्रसंग वाया जातो.

त्यानंतर अमेरिकन माणसं नॉर्वेवाल्यांच्या तळावर जातात. तळ जळून गेलाय. कुऱ्हाड रुतलेली आहे, तिला रक्त लागलंय. खुर्चीत एक जण बसल्या जागी गोठलाय, स्वतःच स्वतःला कापून घेतलेला, रक्ताचंही बर्फ झालंय. बर्फाची एक मोठी लादी, मधून पोकळ. बाहेर एक जळका देह, त्यावर दोन चेहरे एकमेकांत वितळलेले. इथं काय झालं हे सांगायला कुणी जिवंत नाही. फक्त खुणा.

लहानपणी बाबांसोबत जागलीला जायचो, तेव्हा माग काढायला ते शिकवत. रानडुक्कर असो की रोही, ओल्या मातीत खूर उमटला की बाबा उकिडवे बसायचे, त्याच्या कडेवरून बोट फिरवायचे आणि आवाज खाली आणून म्हणायचे, "कड पाह्य कशी धारदार हाये. आत्ताच गेलं इथून." कड ढासळलेली असेल तर रात्रीचं. जनावर समोर दिसलं की हाकलायचं असतं, तेव्हा भ्यायला वेळ नसतो. मला भीती वाटायची ती त्या धारदार कडेची.

पुढे 2016 ते 2018 मध्ये आमच्या राळेगाव-पांढरकवडा भागात टी-1 वाघिणीची दहशत होती, तुम्ही तिला अवनी म्हणून ओळखत असाल. त्या काळात ज्या घरची माणसं गेली, त्यांचं दुःख मला सिनेमाशी तोलायचं नाही. सांगायचंय ते एवढंच, की माझ्यासारख्या बहुतेकांनी ती कधीच पाहिली नाही. दिसायचा तो धुऱ्यावरचा पंजा. कापूस वेचायला बाया एकट्या जायच्या बंद झाल्या, पऱ्हाटीत कुठंही सळसळ झाली की हात थांबायचे. मग कॅमेरा ट्रॅपमधला तिचा फोटो मोबाइलवर फिरत आला. ती एक वाघीण होती. भीती गेली नाही, पण तिला अंगकाठी मिळाली. त्याआधी ती अख्ख्या वावरात पसरलेली होती.

प्रीक्वल हा माझ्यासाठी तो फोटो आहे. 1982 च्या सिनेमानं खुणा सोडल्या, 2011 च्या सिनेमानं प्रत्येक खुणेचं उत्तर दिलं. कुऱ्हाड कशी रुतली, लादीतून ते कसं बाहेर पडलं, दोन चेहरे एक कसे झाले, खुर्चीतला माणूस कोण. दिग्दर्शक मॅथायस व्हान हायनिंगेन आणि त्याच्या माणसांनी जुना सिनेमा अक्षरशः थांबवून थांबवून पाहिला असणार. त्यांची मेहनत मी मानतो. पण कार्पेंटरनं तो जळका तळ मुळात वेगळा बांधलाच नव्हता! स्वतःचा अमेरिकन तळाचा सेट उडवून दिल्यावर जे उरलं, त्यातच नॉर्वेवाल्यांच्या तळाचे प्रसंग चित्रित केले. म्हणजे त्या खुणांमागे सविस्तर घटना कधी नव्हतीच, ती आपणच मनात रचत होतो. प्रत्येकानं आपल्या भीतीच्या मापानं. तिथं पडद्यावर एकच ठरलेली घटना आणून ठेवली की ती लहानच वाटणार.

दुसरी दुखरी गोष्ट म्हणजे त्या जीवाचं रूप. 1982 मध्ये रॉब बोटिननं रबर, रसायनं, तारा आणि हातानं हलवायच्या यंत्रांतून ते घडवलं. तेव्हा तो विशीतला पोरगा होता आणि काम संपेपर्यंत थकून दवाखान्यात भरती झाला. कुत्र्यांच्या पिंजऱ्यातला प्रसंग स्टॅन विन्स्टनच्या चमूनं सांभाळला. तो जीव ओला दिसतो, जड दिसतो, नटांच्या शेजारी खरोखर जागा व्यापून असतो. प्रीक्वलसाठीही अलेक गिलिस आणि टॉम वुडरफ यांच्या चमूनं अशाच कष्टानं बाहुली-यंत्रं बनवली होती. नंतर त्यातल्या बऱ्याच कामावर संगणकाचं चित्र चढवलं गेलं. मूळ काम कसं दिसत होतं, त्याचे व्हिडिओ त्यांनी स्वतःच यूट्यूबवर टाकलेत. ते जरूर पाहा. मला ते पाहून फार वाईट वाटलं. सिनेमात मात्र तो जीव गुळगुळीत आहे आणि माणसांच्या मागे धावत सुटतो. मूळ सिनेमातला लपून राहणारा होता, सापडला तरच उफाळायचा.

तरी प्रीक्वलमध्ये एक प्रसंग असा आहे की त्यासाठी मी तो पुन्हा पाहीन. मूळ सिनेमात माणूस कोण आणि नक्कल कोण हे ओळखायला रक्ताच्या बशीत तापलेली तार टाकतात, आणि आपलं सगळं लक्ष एकावर असताना भलत्याचंच रक्त उसळतं. प्रीक्वलला तीच युक्ती वापरता आली असती. ती त्यांनी वापरली नाही. तो जीव धातूची नक्कल करू शकत नाही, म्हणून मेरी एलिझाबेथ विन्स्टेडनं केलेली केट प्रत्येकाच्या तोंडात बॅटरी मारून दातांत भरलेली चांदी शोधते. चांदी दिसली तर माणूस. नाही दिसली तर? दात चांगले असणं हाच गुन्हा. ज्याच्या तोंडात काही सापडत नाही, त्याचा चेहरा बघा. त्यात नॉर्वेवाले आपसांत आपल्या भाषेत बोलतात, अमेरिकनांना कळत नाही, आणि संशय दोन गटांत वाटला जातो. नटही खरे नॉर्वेजियन घेतलेत, त्याचा फार फायदा झालाय.

तेव्हा तोडीचा आहे का? नाही. एरवी भयपटांचे जे पुढचे-मागचे भाग निघतात, त्यांच्यापेक्षा पुष्कळ प्रामाणिक आहे. मूळ सिनेमालाही पहिल्यांदा कुणी डोक्यावर घेतलं नव्हतं. 25 जून 1982 ला तो आला, दोनच आठवडे आधी 'ई.टी.' आला होता. प्रेमळ परग्रहवासी पाहून आलेल्या लोकांना हा नको होता, समीक्षकांनीही झोडपला. म्हणून मी प्रीक्वलला एकदा पाहून मोडीत काढलं नाही, दुसऱ्यांदा संधी दिली.

प्रीक्वल पाहाल तेव्हा नामावली सुरू झाली म्हणून बंद करू नका. अधूनमधून प्रसंग येत राहतात. लार्स नावाचा माणूस, ज्याला इंग्रजी येत नाही, हेलिकॉप्टरमध्ये चढतो आणि पळत्या कुत्र्यावर नेम धरतो, मोरिकोनेचं संगीत सुरू होतं. त्या रात्री तिथं पोचेपर्यंत पहाटेचे चार वाजले होते, पाइप बदलायची वेळ झाली होती. तरी मी लगेच 1982 च्या सिनेमाची पहिली पाच मिनिटं पुन्हा लावली. तोच माणूस बर्फात उतरून ओरडतो, कुणाला काही कळत नाही आणि तो पडतो. होस्टेलवर पाहिला तेव्हा मला तो वेडा वाटला होता. आता त्याचं नाव मला माहीत होतं.