स्वस्त असूनही एचडी डीव्हीडी ब्लू-रेपुढे का हरली?

एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे म्हणजे साध्या डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्र देणाऱ्या दोन स्पर्धक डिस्क, पहिलीमागे तोशिबा कंपनी, दुसरीमागे सोनी. प्लेयर इतका स्वस्त मिळत असताना एचडी डीव्हीडी बंद कशी पडली आणि आता जुना प्लेयर मिळतोय तर घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. त्या काळात इंदुरात जेल रोडला मी डीव्हीडी प्लेयर विकत होतो, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. माझं स्पष्ट मत: तोशिबानं भाव पाडला तो नेमका चुकीच्या वस्तूचा.

२००६ साली अमेरिकेत तोशिबाचा प्लेयर ४९९ डॉलरला आला, सॅमसंगचा ब्लू-रे ९९९ ला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात वॉलमार्टनं तोशिबाचा एचडी-ए२ चक्क ९८.८७ डॉलरला काढला आणि लोकांच्या उड्या पडल्या. पण भाव एवढा उतरल्यावर दुसरी कंपनी तो प्लेयर बनवायला कशाला पुढे येईल? मार्जिनच उरलं नव्हतं. सोनीनं ब्लू-रे प्लेस्टेशन ३ मध्येच बसवला. पोरांनी गेमसाठी मशीन आणलं की प्लेयर आपसूक घरात. तोटा सोनीलाही होत होता, पण तिला तो गेममधून भरून काढता येणार होता. तोशिबाकडे तशी सोय नव्हती.

जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर या सिनेमा कंपनीनं यापुढे फक्त ब्लू-रे काढणार असं जाहीर केलं. तोशिबानं आणखी भाव उतरवले, पण १९ फेब्रुवारीला गाशा गुंडाळावाच लागला. प्लेयर फुकट दिला तरी त्यात लावायला सिनेमा नको?

मला याचं खरंच वाईट वाटतं. एचडी डीव्हीडीत माहितीचा थर साध्या डीव्हीडीइतकाच, ०.६ मिलिमीटर खोल असतो, त्यामुळे कारखान्यातली जुनी यंत्रं थोड्या फेरफारानं चालायची. ब्लू-रेत तो पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर, म्हणून वरून कडक लेप द्यावा लागतो. म्हणजे डिस्क स्वस्त करायची संधी तोशिबाकडेच होती! (जागेत मात्र ब्लू-रे सरस: दोन थरांत ५० जीबी, एचडी डीव्हीडीत ३०.)

आपल्याकडे मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीनं २००७ मध्ये व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ ला आणली तेव्हा हेच उलट बघितलं: भाव पडला तो डिस्कचा. प्लेयर घरोघरी होतेच. पूर्वी भाड्यानं डिस्क नेणारी गिऱ्हाइकं भाजीच्या पिशवीत दोन-दोन डीव्हीडी टाकून न्यायला लागली.

जुना प्लेयर साध्या डीव्हीडीसाठी खुशाल घ्या, एचडीएमआयवर चित्र छान येतं. लाल डब्यातल्या एचडी डीव्हीडी मात्र ब्लू-रे प्लेयरवर चालत नाहीत, त्यामुळे त्यांचा संग्रह करायला जाऊ नका.